पाणथळीवरची छायाचित्रण-फेरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाणथळ जागी मार्गदर्शकासोबत निघणाऱ्या छायाचित्रण-फेऱ्यांविषयी आम्ही गेल्या अंकात वाचकांचे अनुभव मागवले होते. आलेल्या पत्रांत कौतुक कमी आणि तक्रारी अधिक निघाल्या. मला ते बरेच वाटले, कारण तक्रार करणारा माणूस निदान डोळे उघडे ठेवून फिरलेला असतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : भल्या पहाटे उठून फेरीला गेलो. तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर चाललो आणि त्यातली चाळीस मिनिटे तर मार्गदर्शकांनी आम्हा आठ जणांना चिखलाच्या कडेला नुसते बसवून ठेवले. पलीकडच्या काठावर पक्ष्यांची दाटी दिसत असूनही तिकडे नेले नाही. याला फेरी म्हणायचे का?

उत्तर : म्हणायचे, आणि चांगली फेरी म्हणायचे. जंगलात झाडाझुडपांचा आडोसा मिळतो, तसा पाणथळीवर मिळत नाही. उघड्या चिखलावर उभा असलेला माणूस पक्ष्यांना फार लांबून दिसतो आणि आठ माणसे रांगेने चालू लागली की ती तर हलती भिंतच होते. तुम्ही पलीकडच्या काठाकडे निघाला असता, तर तिथे पोहोचेपर्यंत ते पक्षी उठून कदाचित तुम्ही सोडून आलेल्या काठावरच येऊन उतरले असते, आणि उरलेली सकाळ या शिवाशिवीत गेली असती. शिवाय प्रत्येक वेळी थवा उठवण्याची किंमत पक्षी मोजतो. हजारो किलोमीटरच्या स्थलांतरासाठी अंगावर चरबी साठवणाऱ्या लहानशा तुतवाराला, म्हणजे पाण्याच्या कडेने चरणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्याला, चरण्याचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

बसून राहिल्यावर काय घडते, ते एकदा घड्याळ लावून पाहावे. पहिली दहा मिनिटे काहीही घडत नाही आणि माणसे चुळबुळ करू लागतात. मग एखादा तुतवार शेपटीचा भाग सतत खालीवर हलवत पाण्याच्या कडेकडेने टिपत येऊ लागतो. तो आपल्याकडे म्हणून येत नसतो. त्याचे अन्न जिथे पाणी आणि चिखल भेटतात त्या अरुंद पट्ट्यात असते आणि तो पट्टा आपल्या पायांपासून चार हातांवरून गेलेला असतो, एवढेच. शहाणा मार्गदर्शक आपल्याला नेमका त्या पट्ट्याजवळ, सूर्य पाठीशी ठेवून बसवतो. शक्य असेल तर वाराही पाठीशी घेतो, कारण पक्षी वाऱ्याला सामोरे जाऊन उतरतात. वारा आपल्या पाठीकडून वाहत असेल, तर उतरणाऱ्या पक्ष्याचे तोंड आपल्याकडे असते. पुढच्या वेळी बसवलेल्या जागी सूर्य कुठे आहे आणि वारा कुठून येतो आहे, हे तपासून पाहा. दोन्ही समोरून असतील, तर तुमची तक्रार मी मान्य करीन.

आणखी एक गोष्ट या बसण्यातून शिकायला मिळते, ती म्हणजे पक्ष्याची नाराजी ओळखणे. पक्षी उडण्याच्या बराच आधी बोलत असतो. चरता चरता मान उंच करून थबकणे, अंग आवळून घेणे, शेकाट्याने, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्याने, डोके वरखाली झटकणे, बदकांनी कोणतीही घाई न दाखवता हळूहळू खोल पाण्याकडे सरकणे, या सगळ्यांचा अर्थ एकच असतो, की तुम्ही पुरेसे जवळ आलेले आहात. मान वर गेली की आपण थांबावे आणि ती पुन्हा चिखलाकडे वळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. सरळ रेषेत चालून जाण्याऐवजी, जणू आपल्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही अशा बेताने तिरपे चालावे.

तुमच्या मार्गदर्शकांची एक चूक मात्र झाली. कशासाठी बसायचे आहे, हे त्यांनी बसवण्यापूर्वी सांगायला हवे होते. आठ जणांचा गट मला वरच्या टोकाची संख्या वाटते. वीस जणांना घेऊन निघणाऱ्या फेऱ्या असतात, त्यांना मी सहल म्हणतो.

प्रश्न : पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात गळ्यात काळा पट्टा असलेला एक चिमुकला पक्षी पंख फरफटत चाललेला दिसतो. तो जखमी होता. मी त्याच्या मागे जाऊन आणखी काही छायाचित्रे घेत होतो आणि त्याला पकडून उपचारासाठी नेता येईल का, हेही पाहत होतो. तेवढ्यात मार्गदर्शक माझ्यावर ओरडले आणि सगळ्या गटाला घेऊन परत फिरले. त्यांना प्राण्यांविषयी काही कणव आहे की नाही?

उत्तर : तुमचे छायाचित्र मी मोठे करून दोनदा पाहिले. हा चिखल्या आहे आणि तो ठणठणीत आहे. पंख मोडल्याचे ते सोंग होते. चिखल्या आपली अंडी, सहसा चार, उघड्या जमिनीवरच्या एखाद्या उथळ खळग्यात घालतो. त्या अंड्यांचा रंग आजूबाजूच्या खडे-वाळूशी इतका जुळतो, की त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे राहूनही ती दिसत नाहीत. घरट्याच्या फार जवळ कोणी आले, की पक्षी पंख पाडून, शेपटी पसरून, लंगडत लंगडत दुसऱ्या दिशेला निघतो. सोपी शिकार समजून कोल्हा किंवा माणूस त्याच्या मागे जातो आणि पुरेसा लांब गेला, की ‘जखमी’ पक्षी भुर्रकन उडून जातो. तुम्ही त्याच्या मागे गेलात, म्हणजे त्याचे सोंग वठले.

मार्गदर्शक ओरडले ते तुमच्या पायांकडे पाहून. अशा वेळी घरटे नेमके कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ते पुढे असेल, बाजूला असेल किंवा आपण नुकतेच ओलांडलेले असेल. म्हणून आल्या पावली, म्हणजे अगदी आपल्याच पाऊलखुणांवर पाय ठेवत, मागे फिरणे हाच एक मार्ग उरतो.

यात उन्हाचाही प्रश्न असतो. आपल्याला वाटते की अंडी उबवायची म्हणजे ती गरम ठेवायची. उघड्यावर घातलेल्या अंड्यांच्या बाबतीत दिवसभराचे मोठे काम ती थंड ठेवण्याचे असते. टिटवी आणि शेकाट्या तर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवून घेतात आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतात. फार वर्षांपूर्वी मी स्वतः एका बांधावर शेकाट्याच्या जोडीची उड्डाणचित्रे घेत अर्धा तास उभा होतो. डोक्यावरून ओरडत घिरट्या घालणारे ते पक्षी किती सुंदर प्रकाशात आहेत, याचेच मला कौतुक होते. निघताना दिसले की माझ्या तिपाईपासून पंधरा पावलांवर घरटे होते आणि तो अर्धा तास अंडी भर उन्हात उघडी पडली होती. ती चित्रे तांत्रिकदृष्ट्या उत्तम आली आहेत. मी ती कुठे दाखवत नाही.

प्रश्न : मी काढलेल्या चित्रांत बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका येतो, पिसे दिसतच नाहीत, आणि पाणकावळा म्हणजे काळे भोक. फेरीत सांगितल्याप्रमाणे एक्स्पोजर (चित्रासाठी आत घेतलेला प्रकाश) एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करून पाहिले, तर कधी बगळा छान येतो आणि कधी करडा पडतो. चूक कुठे होत असावी?

उत्तर : सांगितलेला उपाय अर्धाच होता. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरच्या दृश्याला मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. समोर पांढरा पक्षी आहे की काळा, हे त्याला कळत नाही. गडद पाण्यात लांबवर उभा असलेला बगळा चौकटीचा लहानसा भाग व्यापतो, कॅमेरा त्या गडद पाण्यालाच उजळू लागतो आणि त्या भरात पांढरी पिसे जळून जातात. म्हणून तिथे एक्स्पोजर कमी करावे लागते. तोच बगळा जवळ येऊन चौकट भरून टाकतो, तेव्हा कॅमेरा त्या पांढऱ्यालाच करडा करू पाहतो आणि आता एक्स्पोजर वाढवावे लागते. पक्षी तोच, ऊन तेच. बदलले ते त्याने चौकटीत व्यापलेले क्षेत्र. लखलखत्या पाण्यावरच्या पाणकावळ्याच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडते.

याच कारणाने आकाश स्वच्छ असताना मी सरळ मॅन्युअल मोड, म्हणजे एक्स्पोजरचे आकडे स्वतः ठरवण्याची सोय, वापरतो. एखाद्या पांढऱ्या पक्ष्यावर दोन-चार चाचणी-चित्रे घ्यावीत, जळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात सुरू ठेवावी आणि पाठीवरच्या पिसांचे लुकलुकणे जेमतेम थांबेल तिथे एक्स्पोजर ठरवून टाकावे. ऊन बदलत नाही तोपर्यंत बगळा लांब असो, जवळ असो, मागे हिरवे लव्हाळे असो की चमकते पाणी, आकड्यांना हात लावण्याचे कारण पडत नाही; पाणकावळ्याकडे वळताना मात्र साधारण एक स्टॉपने उजळ करावे. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात प्रकाश झपाट्याने वाढत असतो, तेव्हा ही चाचणी दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा करावी लागते. चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यावीत. त्यांत दबलेली काळी पिसे नंतर बरीच उघडता येतात, पण पूर्ण जळून गेलेले पांढरे परत आणता येत नाही.

प्रश्न : मजबूत तिपाई वापरूनही लाकडी पायवाटेवर काढलेली चित्रे हललेली येतात. तिपाई बदलावी का?

उत्तर : नको. हलते ती पायवाट. खांबांवर टाकलेल्या फळ्यांवरून कोणीही चालले, की त्याचे प्रत्येक पाऊल तिपाईच्या पायांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये ते कैक पटींनी मोठे दिसते. गटाने एकाच वेळी थांबावे, हलणे थांबल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत आणि मग शटर दाबावे. एवढी शिस्त मार्गदर्शकाने लावलीच पाहिजे. शटरचा वेग उभ्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंदाच्या खाली आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/१६०० च्या खाली जाऊ देऊ नये, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल. अरुंद पायवाटेवर तिपाईचे तीन पाय पसरून मागच्यांची वाट अडवणाऱ्यांविषयी मला आणखी दोन पत्रे आलेली आहेत. ती मी छापत नाही, पण ज्यांनी समजायचे त्यांनी समजावे.

प्रश्न : जाहिरातीत ‘पाणथळ क्षेत्रातील फेरी’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात आम्हाला खाडीलगतच्या जुन्या मिठागरांवर नेण्यात आले. ही फसवणूक नव्हे काय? शिवाय पक्षी दूर कुठेतरी ठिपक्यांसारखे दिसत होते.

उत्तर : फसवणूक नव्हे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर शहरात पाणथळ जागांविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमच्या आणि हंगामी, गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा सर्व पाणथळींचा समावेश आहे. समुद्राच्या बाबतीत ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले पाणीही त्यात धरले जाते. पक्ष्यांना तर व्याख्येशीही कर्तव्य नसते. शेकाट्याला त्याच्या लांब तांबड्या पायांनी उभे राहता येईल एवढेच उथळ पाणी आणि चोच खुपसता येईल असा चिखल हवा असतो, आणि मिठागरात दोन्ही मिळते.

पक्षी लांब होते याचे कारण बहुधा वेळ. खाडीलगतच्या फेरीची वेळ केवळ सूर्योदय पाहून ठरवता येत नाही, भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहावे लागते. ओहोटीला चिखलाचे मैदान दूरवर उघडे पडते आणि पक्षी पाण्याच्या कडेने तितकेच दूर पांगतात. भरतीच्या पूर्ण उंचीपूर्वी सुमारे दोन तास आधी काठावर जाऊन स्वस्थ बसावे, म्हणजे चढणारे पाणीच पक्ष्यांना पायरी पायरीने आपल्याकडे ढकलत आणते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे भरती आणि सकाळचे कोवळे ऊन यांचा मेळ पंधरवड्यातून काही ठरावीक दिवसच जमतो. फेरीच्या तारखा दर रविवारी सकाळी सहा अशा सरसकट ठरवणाऱ्या आयोजकांना हा एकच प्रश्न विचारून पाहा, की त्या दिवशी भरती किती वाजता आहे. उत्तर देताना ते अडखळले, तर पुढचा रविवार धरावा.

प्रश्न : माझ्याकडे मोठी लेन्स नाही, फक्त मोबाइल आहे. फेरीत सगळे तोफा घेऊन आलेले असतात. मी यावे का?

उत्तर : अवश्य यावे, आणि तोफांच्या मागे उभे न राहता गुडघ्यांवर बसावे. मोठ्या लेन्सला जवळचे दिसत नाही. पाणथळीचा निम्मा कारभार तर पाण्याच्या कडेच्या दोन हातांत चाललेला असतो.

चतुरांपासून सुरुवात करावी. हा कीटक दिवसा इतका चपळ असतो, की त्याचे चित्र घेणे म्हणजे शिक्षाच. पण थंड पहाटे त्याच्या उडण्याच्या स्नायूंना पुरेशी ऊब आलेली नसते आणि तो लव्हाळ्याच्या काडीला चिकटून, पंखांवर दंव घेऊन निमूट बसलेला असतो. अशा वेळी मोबाइल वीतभर अंतरावर नेता येतो, फक्त काडीला धक्का लागू देऊ नये आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. मोबाइलची बाजू चतुराच्या पंखांना समांतर धरली, तर चारही पंखांच्या शिरा एकाच वेळी स्पष्ट येतात; थोडे तिरपे झाले की दोन पंख धूसर होतात. त्याच काडीवर खाली पाहिले, तर पाण्यापासून थोड्या उंचीवर त्याची रिकामी कात मिळण्याचा संभव असतो. पाठीवर चिरलेली, आतून पांढरे धागे लोंबणारी ती तपकिरी कात म्हणजे पाण्यातले बालपण संपवून तो बाहेर आला त्याचा दाखला होय. भर दुपारी याच चतुरांपैकी काही जण शेपटीकडचा भाग सूर्याच्या दिशेने उभा करून, जणू शीर्षासनात बसलेले दिसतात. अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून ते तसे करतात. तो आकार मोबाइलवर फार छान येतो.

पाण्यातल्या वनस्पती आणि मासे टिपायचे असतील, तर ध्रुवण-फिल्टर, म्हणजे ज्याला सगळे पोलरायझर म्हणतात तो, उपयोगी पडतो. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाण्याकडे पाहिले असता त्याचा परिणाम सर्वाधिक होतो आणि वरची चकाकी पुसल्यासारखी जाते. मोबाइलपुढे त्या फिल्टरची काच हाताने धरून फिरवली, तरी काम भागते. नुसते खाली वाकून पाहण्याने हा परिणाम मिळत नाही.

प्रश्न : लव्हाळ्यात एका दुर्मीळ पक्ष्याचे घरटे दिसले. मार्गदर्शकांनी जागा कोणालाही सांगू नका, समाजमाध्यमावर टाकू नका, असे बजावले. ज्ञान असे लपवून ठेवणे मला पटत नाही.

उत्तर : तुमचा आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही, म्हणून एक जुनी हकिकत सांगतो. ब्रिटनमधून बिटर्न हा लव्हाळ्यात राहणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी एकोणिसाव्या शतकात वीण करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. दलदली कोरड्या करणे, शिकार आणि अंडी गोळा करण्याचा शौक ही त्याची कारणे. १९११ साली एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंनी इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात बिटर्नच्या पिल्लाचे छायाचित्र घेतले आणि पक्षी परतल्याचा तो पुरावा ठरला. म्हणजे घरट्याजवळच्या छायाचित्राला मोल असते, यात शंका नाही. पण ज्या अंडी-संग्राहकांनी तो पक्षी घालवण्याला हातभार लावला, त्यांनाही नेमकी हीच माहिती हवी असे.

तेव्हा माहिती लपवू नये, योग्य हाती द्यावी. राखीव क्षेत्राच्या कार्यालयाला तारीख, वेळ आणि ठिकाण लेखी कळवावे. ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट यांसारख्या नोंद-संकेतस्थळांवर संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण जनतेपासून झाकण्याची व्यवस्था आहे, तिचा उपयोग करावा. समाजमाध्यमावर चित्र टाकायचेच असेल, तर हंगाम उलटल्यावर टाकावे आणि छायाचित्राच्या फाइलमध्ये मोबाइल आपोआप भरत असलेले ठिकाण आधी काढून टाकावे. चित्राच्या पार्श्वभूमीत ओळखू येणारा मनोरा किंवा पूल आहे का, हेही पाहावे. फाइलमधले ठिकाण पुसून चौकटीत मात्र मनोरा ठेवणारे लोक मी पाहिलेले आहेत.

टिबुकली या लहानशा, पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर घरट्याजवळ मुळीच रेंगाळू नये. ती घरटे सोडताना घाईघाईने अंड्यांवर पाणवनस्पती ओढून घेते. घरट्यावर नुसता ओल्या कचऱ्याचा ढीग दिसला आणि पक्षी दिसला नाही, तर घरटे सोडून दिलेले आहे असे समजू नये. ती जवळच कुठेतरी पाण्यात तुमच्या जाण्याची वाट पाहत असते.

प्रश्न : ६०० मिलिमीटरची लेन्स सकाळी सातला धारदार चित्रे देते आणि दहा वाजता तीच लेन्स मऊ, लहरी चित्रे देते. दोनदा दुरुस्तीला पाठवली. दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आली.

उत्तर : तिसऱ्यांदा पाठवू नका. ऊन चढले की तापलेल्या चिखलावरून आणि बांधावरून गरम हवा वर उठू लागते. गरम आणि थंड हवेच्या सतत ढवळल्या जाणाऱ्या थरांतून येताना प्रकाश वाकत राहतो आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. जितके अंतर जास्त, तितका हा त्रास जास्त. शटरचा वेग, तिपाई किंवा महागडी लेन्स यांपैकी कशानेही तो जात नाही, आणि तापलेल्या मोटारीच्या खिडकीतून चित्र काढल्यास तो वाढतोच. दहा वाजल्यानंतर वीस-पंचवीस मीटरपलीकडचे काहीही टिपण्याचा नाद सोडावा, लेन्स पिशवीत ठेवावी आणि वरच्या मोबाइलवाल्या वाचकांच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसावे. तोवर त्यांचे चतुर शीर्षासनाला लागलेले असतील.